बोका शेजाऱ्याचा, भाटी आपली

आमच्या हिमायतनगरात (जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात) बऱ्याच ओट्यांवर नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या दिसतात. आधी त्या कुत्र्यांसाठी होत्या, आता मांजरांसाठीही. मांजर बाटलीला अंग घासतं, शेजारी बसून पंजे चाटतं आणि निघून जातं. बाटलीवर माझा राग नाही, ती कुणाला मारत नाही. तिचा उपयोग झाला नाही की जे बाहेर निघतं, त्यावर आहे. फिनेल, डांबरगोळ्या, आणि शेवटी पोळीत कालवलेलं उंदराचं औषध.

कारण ऐका. "आमच्या मनीला परसात फिरता येत नाही हो, शेजारचा बोका येतो." सांगणाऱ्याच्या मोबाइलमध्ये मनीचे ढीगभर रील असतात. नसबंदी केली का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बिचारीला कशाला कापायचं?"

मग बोका काय भजनाला येतो का?

भाटी सहा महिन्यांची होता होता, कधी त्याआधीच, माजावर येते. तिच्या ओरडण्यावर आणि वासावर चार गल्ल्यांतले बोके जमतात. साधारण 65 दिवसांनी ती विते, आणि वर्षात दोन-तीनदा विऊ शकते. पिल्लं मोठी झाली की पोत्यात घालून बाजारात किंवा शेतात सोडायची. पुढच्या वर्षी त्यांचंच नाव 'भटकी मांजरं'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे मांजरांनाही लागू झालं म्हणायचं.

विषाचं तर विचारूच नका. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. त्या फरशीवर जास्त कोण चालतं? तुमचीच मनी. उंदराचं औषध गळ्यातली घंटा बघून सोडून देत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, म्हणून लोक हसतात. त्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 325 वाचावं. प्राण्याला मारलं किंवा निकामी केलं तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बोका परसात येतो तो तीन गोष्टींसाठी: भाटी, खाणं आणि हगायला भुसभुशीत माती. खाण्याची ताटली बाहेर रात्रभर ठेवू नका, खाऊन झालं की उचला. वाफ्यात बाभळीच्या काट्या आडव्या घाला, मेथी त्यातूनही उगवते. आणि मनीला मोकळं फिरू द्यायचंच असेल तर ओट्याला कोंबड्यांची जाळी मारा, वरूनही झाका. मांजराला नुसती भिंत म्हणजे जिना. खिडकीतून बोका दिसला तरी काही मांजरं घरात मुतून ठेवतात, तिथे काचेच्या खालच्या भागाला कागद चिकटवला तरी फरक पडतो.

नसबंदी सोपी नाही, हे मान्य. तालुक्याच्या गावात जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा. मांजर पिशवीत घालून भोकरमार्गे नांदेड गाठायचं, म्हणजे भाडं, दिवस आणि ओरडा. पण उदगीरला आणि परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वर्षातून एक शिबिर इकडे घ्या, असा अर्ज आपल्यापैकी किती जणांनी केला? रीलवर बदाम टाकणाऱ्या हजारांपैकी पन्नास जणांच्या सह्या झाल्या तरी अर्जाला वजन येतं. आणि त्यात बोक्यालाही धरा. नसबंदी झालेले बहुतेक बोके कमी भांडतात, कमी भटकतात, भिंतीवर धार मारणंही खूप कमी करतात. त्याला नुसतं हाकललं तर मोकळ्या जागेवर दुसरा येतो.

गणपतीला गल्लीत वर्गणी निघते, तशी एका बोक्यापुरती काढा. पिंजरा माझ्याकडे आहे, न्यायला या.