वाक्य त्याचे त्यालाच पूर्ण करू द्या

विहारात सगळे मिळून त्रिसरण-पंचशील म्हणतात, तेव्हा तो मुलगा कुठेच अडखळत नाही. वंदना संपते, कुणी नाव विचारते आणि पहिल्याच अक्षरावर त्याचा घसा आवळतो. 'जयभीम'मधला 'ज'सुद्धा बाहेर पडत नाही. अशी मुले-मुली आपल्या वस्त्यांत आहेत. आपण त्यांना 'तोतरा' म्हणून हसतो, नाहीतर दया दाखवत त्यांचे वाक्य आपणच पुरे करतो.

सर्वांबरोबर म्हणताना किंवा गाताना बहुतेकांचे अडखळणे थांबते. म्हणजे जीभ जड नाही आणि बुद्धीही कमी नाही. मग जिभेवर वेखंड चोळून काय होणार? शंभरात साधारण एक माणूस असा बोलतो. लहान मुलांत हे प्रमाण जास्त असते आणि त्यांतली बरीचशी पुढे सावरतात. ज्यांचे अडखळणे राहते, त्यात आईवडिलांची चूक नसते.

खरे नुकसान लपवण्याने होते. उत्तर येत असून मुलगी हात वर करत नाही. तरुण दुकानात हवे ते न मागता, उच्चारता येईल ते मागतो. मुलाखतीचे पत्र आले तरी जात नाही. पिढ्यांच्या कष्टाने मिळालेली संधी अशी गप्प बसून गमावणे आपल्याला परवडणारे नाही, असे आम्हाला वाटते.

वाचा-उपचार जरूर घ्यावेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती सोय आहे. पण उपचाराचा तास संपला की माणूस पुन्हा एकटा पडतो. तिथे स्वमदत गट कामी येतो. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही अडखळणाऱ्यांनीच उभी केलेली संघटना अशा गटांचे काम करते. पाच-सहा जण गोल बसतात, अडखळतच आपले नाव सांगतात, फोनवर बोलण्याचा सराव करतात. कुणी हसत नाही, कुणी मध्ये शब्द पुरवत नाही. 'असा मी एकटाच नाही' हे कळले की निम्मे ओझे उतरते.

आमची सूचना साधी आहे. रविवारी वंदनेनंतर विहाराची खोली तासभर अशा गटाला द्यावी. २२ ऑक्टोबरला जागतिक तोतरेपणा जागृती दिन असतो, त्या दिवशी सुरुवात करता येईल. आणि घरी 'सावकाश बोल' म्हणणे सोडून आपण थांबायला शिकावे. त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे पाहत ऐकावे. एवढे तर आपल्याला आजपासूनच जमेल.