सूज, साप आणि घोडा

मराठीच्या प्राध्यापकाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित संकेत आहे. पण मी राहतो हुडकेश्वरला! नागपूरच्या या दक्षिण टोकाला शेतांचे लेआउट झाले, धुरे गेले, कुंपणे आली. सापांना मात्र ही बातमी कोणी कळवली नाही. तेव्हा पावसाळ्यात गप्पा हटकून सापांवर येतात आणि मला पुस्तके चाळणे भाग पडते.

त्यात एक नवल कळले. आपला दुखरा गुडघा सुजतो आणि घोणस चावलेला पाय सुजतो, या दोहोंमागे एकाच घराण्यातले विकर असते. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामे झपाट्याने उरकणारे प्रथिन. याचे नाव फॉस्फोलायपेज ए-टू. पेशीच्या वेष्टनातल्या मेदाचा ते लचका तोडते. त्यातून एक आम्ल सुटते, त्या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनतात आणि सूज, ठणका, ताप ही मंडळी हजर होतात. ॲस्पिरिन ही साखळी पुढच्या कडीशी अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले.

आपल्या शरीरात हा कारभार बहुधा मोजूनमापून चालतो. घोणशीच्या (आमच्याकडे तिला परड म्हणतात) विषात मात्र तेच घराणे बेबंद सुटलेले असते.

त्याला आवरायला घोडा धावून येतो. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचतात, ती हळूहळू वाढवतात. पुढे त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. प्रतिपिंडाची नजर मोठी चोख. विकराच्या अंगावरची नेमकी खूण ओळखून ते तिथेच चिकटते. म्हणून तर प्रयोगशाळेत प्रतिपिंडाला रंग जोडून, सुजलेल्या सांध्यात हे विकर कुठे दडले आहे ते शोधतात. आणि घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडे शुद्ध केली, की तेच रुग्णाचे प्रतिविष! परळला १८९९ साली प्लेगच्या अभ्यासासाठी निघालेल्या, पुढे हाफकिन यांचे नाव लाभलेल्या संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते.

"पण सर, आमच्या गड्याचं विष मांत्रिकानं उतरवलं की!" शेजारचे काका म्हणाले.

"साप बिनविषारी असला, की मंत्र हमखास लागू पडतो, काका!"

काका हसले, पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. तोडलेला लचका ते परत जोडून देत नाही. म्हणून वेळ हेच खरे औषध. पाय आवळून बांधू नका, चिरू नका, ठणक्यावर ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. पाय स्थिर ठेवा आणि तडक मोठे रुग्णालय गाठा.

आणि वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत विटांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने तो आधी हलवून पाहा. घोड्याला तेवढेच कष्ट कमी!