मित्रांची यादी कोणाच्या मालकीची?

संगणकीय खेळांचा व्यापार आज एका पेठेत चालत नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली स्टीम हे खेळ-वितरणाचे दालन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ, त्याची तबकडी रोख पैसे मोजून दुकानातून आणलेली असली तरीही, स्टीमवर खाते उघडल्याखेरीज चालणार नाही अशी शर्त घातली. तेव्हापासून खेळ विकत घेणे आणि विक्रेत्याच्या दप्तरी आपले नाव दाखल करणे या दोन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या राहिल्या नाहीत. पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने ओरिजिन आणले, युबिसॉफ्टने आपले स्वतंत्र दालन थाटले, २०१८ च्या डिसेंबरात एपिक गेम्स स्टोअर अवतरले, आणि अमुक खेळ अमुक दुकानातच मिळेल असे मक्ते ठरू लागल्यावर, ज्याला चार आवडीचे खेळ खेळावयाचे त्याच्या यंत्रावर चार लाँचर (दुकानाशी जोडून खेळ सुरू करणारे प्रोग्राम), चार खाती आणि न वाचताच मान्य केलेले चार करारनामे जमा होणे क्रमप्राप्त झाले.

याविषयी जी तक्रार कानावर येते ती बहुधा गैरसोयीची असते: संगणक सुरू होताच हे सारे लाँचर आपणहून उठतात, पासवर्ड ध्यानात राहत नाहीत, मित्र एका ठिकाणी आणि खेळ दुसऱ्या ठिकाणी. ती तक्रार रास्त आहे; परंतु माझ्या मते मूळ व्याधी निराळी आहे. मोबाइलवर प्रत्येक ॲपला स्वतःचा बंद कप्पा असतो आणि शेजारच्या कप्प्यात डोकावण्यास त्याला सामान्यतः मज्जाव असतो. विंडोजवर सर्वसाधारणपणे स्थापित केलेला प्रोग्राम मात्र, तो चालविणाऱ्या माणसाला जे जे वाचण्याचा अधिकार आहे ते ते सर्व वाचू शकतो. म्हणजे ज्या दिवशी आपण एखादे दुकान यंत्रावर स्थापन करतो, त्या दिवशी त्याला केवळ खेळ उतरविण्याची परवानगी नव्हे, तर आपल्या साऱ्या कागदपत्रांचे जणू मुखत्यारपत्रच लिहून देतो. मित्रांची व खेळांची नोंद ठेवणारी स्टीमची स्थानिक फाइल तर वापरकर्त्याच्या खाजगी फोल्डरातही नसते, ती स्टीमच्याच फोल्डरात असते. त्यामुळे दोन दुकानांसाठी विंडोजची दोन निराळी खाती करण्याचा जो उपाय सुचविला जातो, तोही या फाइलीपुरता निरुपयोगी ठरण्याचाच संभव अधिक.

ही भीती काल्पनिक नाही, हे २०१९ च्या मार्च महिन्यात दिसून आले. एपिकचा लाँचर स्टीमची ‘लोकलकॉन्फिग’ नावाची फाइल वाचून तिची कूटबद्ध नक्कल त्याच यंत्रावर करून ठेवतो, असे जाणत्या खेळाडूंच्या लक्षात आले. त्या फाइलीत आपल्या मित्रांची नावे असतात, कोणता खेळ शेवटी केव्हा खेळला त्याची नोंद असते. वापरकर्त्याने स्टीमवरील मित्र आयात करण्याचा पर्याय निवडल्यावरच मित्रांचे ओळख-क्रमांक, तेही सांकेतिक रूपात, आपल्याकडे येतात, असा खुलासा एपिकने केला. कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांनी घाईत घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि ही रीत बदलण्याचे मान्य केले. ही फाइल इतर प्रोग्रामांनी वापरावी यासाठी नाही, असे व्हॉल्व्हनेही कळविले.

त्या वेळी पुष्कळांनी एपिकमधील टेन्सेन्ट या चिनी कंपनीच्या सुमारे ४० टक्के भागभांडवलाकडे बोट दाखवून परकीय हेरगिरीचा आरोप केला. त्याला पुरावा नव्हता, आणि अशा आरोपाने मुख्य प्रश्न झाकला गेला. एका पेढीच्या मुनिमाने दुसऱ्या पेढीची खतावणी उतरवून घेतली, आणि ‘ग्राहकाने हुकूम केल्याखेरीज मी ती उघडणार नाही’ असे कितीही प्रामाणिकपणे सांगितले, तरी उतरवून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. शिवाय त्या यादीत ज्यांची नावे आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांनी एपिकचे दुकान आयुष्यात पाहिलेलेही नसेल. माझी संमती माझ्यापुरती; मित्राच्या वतीने सही करण्याचा अधिकार मला कोठून प्राप्त होतो?

दुकानावर दुकान चढविण्याचा प्रकार याहून वाईट. स्टीमवर दाम मोजून घेतलेला युबिसॉफ्टचा खेळ पुष्कळदा युबिसॉफ्टचे खाते मागतो, आणि एकाच खरेदीची नोंद दोन दप्तरी होते. ‘फार क्राय प्रायमल’ हा युबिसॉफ्टचाच एकट्याने खेळावयाचा खेळ दहा मिनिटांत सुमारे १५० वेळा बाहेरच्या सर्व्हरांशी संपर्क साधतो, अशी फिर्याद खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी झटणाऱ्या नॉयब या संस्थेने २०२५ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियात दाखल केली. निकाल काहीही लागो. प्रतिस्पर्धी नाही, सोबती नाही, अशा खेळाने इतका पत्रव्यवहार कोणाशी आणि कशासाठी करावा, हे विचारणाऱ्या ग्राहकाचे मी अभिनंदन करतो.

सर्व दुकानांची लायब्ररी एका खिडकीत दाखविणारा गॉग गॅलक्सीसारखा क्लायंट सोयीचा खरा; पण विखुरलेल्या नोंदी एकत्र आणणारे ते नवे दप्तरच होय, आणि त्याची पुष्कळशी जोडणी हौशी लेखकांच्या प्लगइनांवर अवलंबून असते. गॉग या दुकानाचा खरा गुण मला दुसराच वाटतो. तेथे घेतलेल्या खेळाचा इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो, आणि एकट्याने खेळावयाचे खेळ कोणत्याही लाँचरवाचून चालतात. विक्री झाल्यावर विक्रेत्याने ग्राहकाच्या घरात मुक्काम करू नये, ही मर्यादा पाळूनही व्यापार चालतो, याचे ते जिवंत उदाहरण आहे.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला असून, भारतातील लोकांना सेवा देणाऱ्या परदेशस्थ कंपन्यांनाही तो लागू होतो. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली आहे. संमतीच्या कलमात कायद्याने स्वतःच एक दाखला दिला आहे: दूरवैद्यकीय सेवेच्या ॲपने रुग्णाच्या फोनमधील संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी त्या सेवेला ती यादी आवश्यक नसल्यामुळे तो होकार यादीपुरता धरला जाणार नाही. खेळाच्या दुकानाला दुसऱ्या दुकानातील मित्रांची यादी याहून अधिक आवश्यक कशी मानावी, हे मला समजत नाही. या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाकडे अशा प्रकारची पहिली फिर्याद जाईल तेव्हा हाच दाखला लाँचरांना लावला जावा, आणि तोवर प्रत्येक दुकानाने शेजारची फाइल उघडण्यापूर्वी, त्या फाइलीचे नाव आणि प्रयोजन मराठीत सांगून, स्वतंत्र परवानगी मागावी, एवढी मागणी आपण खेळाडूंनी आणि त्यांच्या पालकांनी आजच लेखी करावयास हवी.