बरोबरीचे चिन्ह जरा जपून!



गणिताच्या वहीत = हे चिन्ह तुम्ही रोज लिहिता. पण मधली एकेक पायरी मांडल्याशिवाय ते लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. भौतिकशास्त्रातील एका गाजलेल्या समीकरणाला तो अजून मिळायचा आहे. ते समीकरण म्हणजे 'ईआर = ईपीआर'.

ही आद्याक्षरे आहेत १९३५ सालच्या दोन शोधनिबंधांच्या लेखकांची. पहिला निबंध आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा. परस्परांत गुंफलेले दोन कण कितीही दूर गेले, तरी त्यांच्यावरील मापनांचे निकाल एकमेकांशी जुळतात, असे पुंजयामिकी सांगते. समजा, एक पोस्टकार्ड फाडून एक तुकडा नागपूरला आणि दुसरा रत्नागिरीला पाठवला. एक पाकीट उघडताच दुसऱ्यात काय आहे ते कळते. यात नवल नाही, कारण ते फाडतानाच ठरले होते. कणांचेही असेच असणार, असे आइन्स्टाइनना वाटे. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी हे पारखण्याची कसोटी दिली आणि प्रयोगांचा कौल पोस्टकार्डाच्या विरुद्ध गेला! या प्रयोगांबद्दल क्लॉसर, आस्पे व झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा निबंध आइन्स्टाइन व रोझेन या दोघांचा. सापेक्षता सिद्धान्ताच्या समीकरणांतून त्यांना अवकाशाचे दोन भाग जोडणारा पूल सापडला. त्यालाच पुढे 'वर्महोल' म्हणू लागले. १९६२ मध्ये फुलर व व्हीलर यांनी दाखवले, की हा पूल इतक्या झटकन मिटतो, की प्रकाशदेखील पार होऊ शकत नाही.

गुंफण आणि पूल ही एकाच गोष्टीची दोन रूपे असावीत, असा तर्क माल्दासेना व ससकिंड यांनी २०१३ मध्ये मांडला. साम्य मोहक आहे. गुंफणीतून संदेश धाडता येत नाही आणि पुलातून पलीकडे जाता येत नाही. पण साम्य म्हणजे सिद्धता नव्हे.

२०२२ च्या अखेरीस 'प्रयोगशाळेत वर्महोल तयार झाले' अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात पुंजसंगणकाच्या ९ क्यूबिटांवर एका सोप्या गणिती प्रतिकृतीची आकडेमोड झाली होती. अवकाशाला भोक पडले नव्हते. त्या आकडेमोडीच्या अर्थाबद्दलही पुढच्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. उद्या कोणी गुंफणीचे नाव घेऊन मनकवडेपणाही 'सिद्ध' करून दाखवील!

मग असे तर्क करूच नयेत काय? जरूर करावेत. आइन्स्टाइन यांचे अनुमान चुकले, पण ते फुकट गेले नाही. ते तपासता आले, म्हणूनच आपले ज्ञान वाढले. तेव्हा कोणताही दावा वाचताना एवढेच विचारा: हा खोटा असेल, तर ते कोणत्या प्रयोगाने कळेल? उत्तर मिळेपर्यंत 'ईआर = ईपीआर' जरूर लिहा, पण बरोबरीच्या डोक्यावर एक प्रश्नचिन्ह काढायला विसरू नका.