सेल्फ फिरतो, मग घोडं कुठे पेंड खातं?

ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. अँबेसेडर आणि मारुती 800 यांचं उत्पादन तर 2014 मध्येच थांबलं. पण कारखाना बंद झाला म्हणून घरची गाडी कुणी टाकून देत नाही. वडिलांनी हौसेनं घेतलेली पद्मिनी, लग्नानंतरची पहिली मारुती आजही अनेक घरांपुढे उभी असते. रविवारी तिला आंघोळ घातली जाते, दसऱ्याला हार चढतो. आणि नेमकी निघायच्या वेळी ती रुसते. किल्ली फिरवली की सेल्फ ‘घुर्र घुर्र’ करतो, इंजिन फिरतं, पण पेट काही घेत नाही.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारी म्हणतात बॅटरी गेली. मेहुणे म्हणतात प्लग बदला. गॅरेजवाला बॉनेट उघडण्याआधीच कार्ब्युरेटरवर बोट ठेवतो. एकेक भाग बदलत जायचं आणि कशानं तरी गाडी सुरू होईल अशी आशा करायची, हा झाला ‘रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला’ असा प्रकार. खिसा रिकामा होतो, मूळ दुखणं तसंच राहतं.

खरं म्हणजे निम्मं उत्तर गाडीनंच दिलेलं असतं. सेल्फ नेहमीच्या जोमानं फिरतोय, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर बहुतेक ठीक आहेत. पेट्रोल इंजिनाला पेट घ्यायला हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. हवा सहसा अडत नाही. उरले दोन संशयित, पेट्रोल आणि ठिणगी. या दोघांपैकी कोण, हे ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

आधी कान द्या

सेल्फचा आवाज रोज ऐकून आपल्या ओळखीचा झालेला असतो. तो रेंगाळत, कण्हत फिरत असेल तर बॅटरी अशक्त आहे. सगळा जोर सेल्फच खातो आणि ठिणगीसाठी काही उरत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती साफ करून आवळल्यावरही पुष्कळदा काम भागतं.

उलट, सेल्फ एरवीपेक्षा हलका आणि भरभर फिरत असेल तर सावध व्हा. मारुती 800 मध्ये रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला की इंजिनाची झडप हलत नाही, सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही आणि असा मोकळा आवाज येतो. तेव्हा पुन्हा किल्ली फिरवू नका, मेकॅनिकला बोलवा.

एक प्लग सगळं सांगतो

आवाज नेहमीसारखा असेल तर दहा सेकंद सेल्फ मारून थांबा. मग प्लग-पान्यानं एक प्लग काढा. त्याचं टोक पेट्रोलनं ओलं असेल तर पेट्रोल पोहोचतंय, संशय ठिणगीवर. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. पाच मिनिटांचं हे काम वाचवलं, तर पुढे तासभर आणि पैसेही जाऊ शकतात.

टोक ओलं आहे आणि पेट्रोलचा वास नाकात बसतोय, तर इंजिन ‘फ्लड’ झालं असण्याचीही शक्यता आहे. चोक ओढलेला राहिला किंवा ॲक्सिलरेटर सारखा दाबला की असं होतं. प्लग पुसून परत लावा, चोक आत ढकला, दहा मिनिटं थांबा. मग ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरा, तो वरखाली करू नका, आणि सेल्फ मारा. हवा भरपूर शिरते, जादा पेट्रोल निघून जातं आणि बऱ्याचदा गाडी खोकत खोकत सुरू होते.

ठिणगी पाहायची तर

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ही तपासणी घरी करता येते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिनातले सगळे प्लग जागेवर घट्ट बसलेले हवेत, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. एका प्लगची वायर काढून ती जवळच्या जादा प्लगला लावा. त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवा. रबरी मुठीच्या पकडीनंच धरा, कारण इथे हजारो व्होल्टचा झटका असतो. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. चटचट आवाज करणारी निळी ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळट, मरगळलेली ठिणगी किंवा काहीच नाही, तर चोर इथेच आहे.

पावसाळ्यात पहिला संशय ओलीवर घ्या. कोकणातल्या, मुंबईतल्या जुलैच्या हवेत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत आणि वायरींवर दमटपणा साचतो आणि ठिणगी वाटेतच पळून जाते. किल्ली काढून टोपी उघडा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, टोपीला बारीक चीर गेली आहे का ते पाहा.

ओल नसेल तर पॉइंट बघा. जुन्या पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये ते काळे पडतात, झिजतात. त्यांच्यातली फट साधारण 0.4 मिलिमीटर हवी. बारीक पॉलिश कागदानं साफ करून फट जुळवली की गाडी पुन्हा जिवंत होते. पॉइंट सारखेच जळत असतील तर कंडेन्सर बदलून पाहा. ही वस्तू लहान आणि स्वस्त. तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि महागडी कॉइल विनाकारण बदलली जाते.

पेट्रोल अडतं कुठे?

प्लग कोरडा असेल तर टाकीपासून सुरुवात करा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो पाव टाकी दाखवतो आणि आत खडखडाट असतो. मग फिल्टर, रबरी नळ्या आणि पंप. नळीला चीर पडली की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो.

मे महिन्यात घाटात, ट्रॅफिकमध्ये तापलेली गाडी बंद करून पुन्हा सुरू होत नसेल, तर नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं का टाकत, ते आता लक्षात येईल. बॉनेट उघडून गाडी निवू द्या. ओलं फडकं पंपावरच ठेवा, वायरींवर पाणी नको.

अलीकडे एक नवं कारण आलंय. 2025 मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, आणि जुन्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवून घ्या.

इंजेक्शनवाल्या मारुतीला कार्ब्युरेटर नसतो. किल्ली ‘ऑन’ केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलचा पंप. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहा. ठिणगीची तपासणी मात्र या गाडीत घरी करू नका.

हे करू नका

सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या. नाहीतर बॅटरी उतरेल, स्टार्टर जळेल आणि एकाचे दोन आजार होतील.

सेल्फ नीट फिरत असेल तर धक्का मारून उपयोग नाही. धक्का हा सेल्फचा पर्याय, ठिणगीचा नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओतून सेल्फ मारायची रीत रस्त्यावर सर्रास दिसते. इंजिनानं उलटा भडका मारला की ज्वाला सरळ त्या हातावर आणि बाटलीवर येते. तुमच्या गाडीवर हे कुणालाही करू देऊ नका, मेकॅनिक कितीही जुना असला तरी. मुलांना गाडीपासून लांब ठेवा आणि विडी-सिगारेट दूर.

एवढं करूनही गाडी हलली नाही, तरी मेहनत वाया जात नाही. गॅरेजमध्ये ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगणाऱ्याला पाच भाग बदलून मिळतात. ‘प्लग ओला आहे, ठिणगी पिवळी आहे, पॉइंट साफ केले’ असं सांगणाऱ्याच्या गाडीला हात लावताना कारागीरही दोनदा विचार करतो. बदललेला जुना भाग मात्र आठवणीनं परत मागून घ्या.