कपाटाची चावी कुणाकडे?

शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले शिसे वा लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ध्वनी चहूकडे पसरतो, समोरचा कान कोणत्या जातीचा हे तो विचारीत नाही. धर्मशास्त्रकारांना हे पक्के ठाऊक होते. ध्वनी अडवता येत नाही म्हणून त्यांनी कानच बंद करण्याची शिक्षा काढली!

आज आमची मुले शाळेत आहेत. पण ध्वनीचा धडा कसा शिकवला जातो? अनेक शाळांत गुरुजी वाचतात, मुले फळ्यावरचे 'निरीक्षण' वहीत उतरवतात आणि प्रयोगाचे साहित्य कपाटात कुलूपबंद राहते. का, तर हात लावला की फुटेल! 'हात लावू नका' हे शब्द आम्हाला नवे नाहीत. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव गणित सोडवायला फळ्याकडे निघाले, तेव्हा सवर्ण मुलांनी फळ्यामागचे आपले डबे उचलायला धाव घेतली होती.

वास्तविक या धड्याला खर्च तो किती? दोन कागदी पेले आणि दहा मीटर दोरा. दोरा ताणून धरला की कुजबुजही पलीकडे पोचते. सैल सोडला किंवा मध्येच चिमटीत धरला की कंपने थांबतात, आवाज थांबतो. हे मुलाच्या बोटांना कळले पाहिजे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, पोलादातून जवळपास ५,००० मीटर. बाकाला कान लावून दुसऱ्या टोकाला टिचकी मारायला सांगा, घन पदार्थातून ध्वनी किती स्पष्ट येतो ते समजेल. गजराचे घड्याळ उघड्या मैदानात ठेवून पावले मोजीत दूर जा. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता साधारण चौथाई उरते. मग तेच घड्याळ गोधडीत गुंडाळून पाहा.

आणि हलगी! तिच्यावर तांदूळ टाकून वाजवली की दाणे नाचतात. शेकली की चामडे ताणते, आवाज चढतो. मातंग वस्तीतल्या पोराला हे पुस्तक उघडण्याआधीच माहीत असते. गावकीने लादलेले वाजवणे आम्ही नाकारले, ते योग्यच केले. त्यातले ज्ञान मात्र आमचे आहे. ज्यांच्या शोधाप्रीत्यर्थ २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो, त्या सी. व्ही. रामन यांनीही मृदंग-तबल्याच्या ध्वनीवर संशोधन करून १९२० साली 'नेचर'मध्ये लेख लिहिला. चामड्याच्या वाद्याने ते बाटले नाहीत!

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ पासून संविधानाच्या कलम ५१-अ नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. बुद्धविहारात मुलांचे वर्ग घेणाऱ्या तरुणांनी येत्या रविवारी दोन पेले आणि दोरा घेऊन जावे. आणि शाळेतल्या त्या कपाटाची चावी कुणाकडे असते, हे पालकांनी पुढच्या सभेत उभे राहून विचारावे.