घरी कोण कोण असतं?

मेरिट, मेरिट, मेरिट. कान किटले. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत म्हणे जात नसते, नुसतं मेरिट असतं. मित्रांनो, मी गोदीतला कामगार, शिक्षण मॅट्रिक. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण माणसं रांगेत उभी करून त्यातली निवडणं काय असतं, ते चांगलं कळतं.

भिगवणचा माझा मावसभाऊ इंजिनिअर झालाय. रेल्वेनं शंभरेक किलोमीटर पुणं गाठतो, इंटरव्ह्यू देतो, रात्री परत. आधी ऑनलाइन परीक्षा, मग कोडिंग, मग समोरासमोर. एकदा विचारलं, डब्याला डबा जोडलेली साखळी आहे. शेवटचा डबा मध्येच मागं जोडलेला असेल तर ओळखशील कसं? उजनीच्या काठावर बसून त्यानं मला समजावलं. दोन गडी सोडायचे. एक एकेक डबा चालतो, दुसरा दोन-दोन. साखळी सरळ असली तर पळणारा टोकाला पोचतो. गोल असली तर फिरून पहिल्याला गाठतोच. च्यायला, ही तर कविता!

या फेरीवर माझा राग नाही. मशीनला आडनाव वाचता येत नाही. फक्त असले प्रश्न महिनोन् महिने घोटावे लागतात, आणि तेवढे दिवस बसून खायला घालणारा बाप सगळ्यांना नसतो.

खरी गोम शेवटच्या फेरीत. एचआरवाली बाई गोड हसते. वडील काय करतात? घरी कोण कोण असतं? गाव कुठलं? आता प्रोग्रॅम चालायला बापाचा धंदा कशाला लागतो? मग 'कळवतो' म्हणतात. कळवत कुणीच नाही.

पुरावा काय, असं पांढरपेशे विचारतील. घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटेवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना धाडले. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निकाल छापला. दलित आडनावाला बोलावणं येण्याचा संभव सवर्णाच्या दोनतृतीयांश. अर्जावर फक्त नाव बदललेलं! त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन कंपन्यांच्या भरती करणाऱ्या साहेबांशी बोलले. साहेब म्हणाले, आम्ही मेरिटच बघतो. आणि घरची पार्श्वभूमी? तीही विचारतो. खासगी नोकरीत आरक्षण नाही, म्हणजे या प्रश्नाचा जाब मागायलाही जागा नाही.

आमच्या गोदीतही असंच होतं. टोळीवाला फाटकावर उभा राहायचा, तोंड बघून माणूस उचलायचा. आपल्या गावचा, आपल्या भाईचा, हप्ता देणारा. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, १९५१ ला मुंबईची योजना आली. कामगाराची नोंद झाली, पाळीपाळीनं नंबर लागू लागला. टोळीवाल्याची मर्जी कुणी प्रेमानं काढून घेतली नाही, कामगारांनी भांडून काढून घेतली.

म्हणून मागणी साधी आहे. कोडिंगचा पेपर नाव झाकून तपासा. घरचे प्रश्न बंद करा. नाकारलं तर कारण लेखी द्या. पोरांनो, तुम्हीही एक करा. इंटरव्ह्यूहून आल्याबरोबर, चहाच्या आधी, विचारलेले प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवा, तारखेसकट. आणि वही आमच्याकडं पाठवा.